तिसरी घंटा कुणी द्यायची?

आमच्या घरात एक जाडजूड फाइल आहे. तिच्यावर बाबांच्या अक्षरात 'नाट्यगृह' एवढंच लिहिलंय. आमच्या भागातल्या पालिकेच्या नाट्यगृहाबद्दल बाबांनी गेल्या कित्येक वर्षांत केलेले अर्ज तिच्यात आहेत. पंख्याचा आवाज, मागच्या रांगेतली मोडकी खुर्ची, स्वच्छतागृहाची कडी, पाणचट चहा. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर जांभळा शिक्का आणि तारीख, म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच. उत्तरं फारशी नाहीत. पण बाबांना उत्तराची घाई कधीच नसते. पोच मिळाली की त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त खातात.

आमचं उपनगर घाटकोपर आणि मुलुंडच्या मधलं. याहून नेमकं सांगत नाही, कारण सांगितलं तर तिथल्या ऑफिसातले सगळे बाबांना ओळखतील.

बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून दर महिन्याला नाटकाला नेलं. शाळेत मी बोलायची नाही. गॅदरिंगमध्ये सलग चार वर्षं पडदा ओढला आणि मला ते मनापासून आवडलं. सगळं दिसतं आणि आपण कुणालाच दिसत नाही. मराठी मी वाचायला शिकले ती बहुतेक नाट्यगृहातल्या पाट्यांवरून. 'कृपया भ्रमणध्वनी बंद ठेवावेत' हे वाक्य मला कुठल्याही कवितेपेक्षा लवकर पाठ झालं.

आता मी नोकरी करते ती बाबांच्या भाषेत 'विरोधी पक्षात'. एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या चौथ्या मजल्यावर एका खासगी कंपनीचं सभागृह आहे. तिथे मी कार्यक्रमांची व्यवस्था बघते. काळा टी-शर्ट, कानात इअरपीस, हातात वॉकीटॉकी. पडदा ओढण्याचंच काम, फक्त पगार मिळतो. वॉकीटॉकीवर मी चांगली धीट आहे, कारण समोर कुणी नसतं.

बाबा आमच्या सभागृहात कधी आले नव्हते. "मी येवचंय नाय," असं ते मालवणीत सांगायचे. मालवणीत सांगितलं की विषय संपला असं आमच्या घरी समजतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. पालिकेच्या नाट्यगृहात पंखा चालला नाही तर ते मालकाच्या नात्याने अर्ज करतात. माझ्या सभागृहात एसी बिघडला तर ते काय करणार?

"फीडबॅक देता येतो, बाबा."

"फीडबॅक म्हणजे?"

"म्हणजे... तुम्हाला कसं वाटलं ते सांगायचं."

"मला कसं वाटलं ते मी तुझ्या आईलापण सांगत नाही. कंपनीला कशाला सांगू?"

मग पालिकेचं नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद झालं. बांबूच्या परांच्या उभ्या राहिल्या, हिरवी जाळी लागली, 'काम प्रगतिपथावर' अशी पाटी लागली. बाबा रोज सकाळी फिरायला जाताना तिकडून जायचे आणि प्रगती कुठवर आली ते बघून यायचे. पहिले काही महिने त्यांनी अर्ज केले. नंतर अर्ज कमी झाले, आणि मग थांबलेच. रविवारी दुपारी ते जेवून खुर्चीत बसायचे आणि चार वाजले की उगाच घड्याळाकडे बघायचे. आई म्हणायची, "अहो, टीव्हीवर लागलंय ना एक नाटक." बाबा म्हणायचे, "टीव्हीवर शेजारी कोण बसतं?"

हे मला बघवत नव्हतं, असं मी कुणाला सांगितलं नाही. पण आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये सरांनी विचारलं की रविवारी दुपारी हॉल रिकामा असतो, काय करता येईल, तेव्हा मी तोंड न उघडता ग्रुपवर दोन शब्द टाकले: मराठी नाटक. मीटिंग चालू असताना सगळ्यांचे फोन एकदम वाजले. सर म्हणाले, "किसने लिखा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाकडे बघायला लागले.

सरांनी एका प्रयोगाची परवानगी दिली. ट्रायल. वेळेवर सुरू झालं पाहिजे, हॉल बऱ्यापैकी भरला पाहिजे, फीडबॅक चांगला आला पाहिजे. जमलं तर दर महिन्याचा एक रविवार मराठी नाटकाला. नाही जमलं तर विषय बंद. "और ये तुम सँभालोगी," ते म्हणाले. मी मान डोलावली. घरी आल्यावर ताप आल्यासारखं वाटत होतं.

तिकीटविक्री आमच्याकडे फक्त ॲपवर होते. बाबांच्या नाटकवाल्या मित्रमंडळींना ॲप जमत नाही, किंवा जमतं पण पटत नाही. मग ती सगळी मंडळी आमच्या घरी फोन करू लागली. आई एका वहीत नावं लिहून घ्यायची आणि रात्री मी ॲपवर बुकिंग करायची. आईला तिकीटखिडकीवर बसायचा अनुभव नव्हता, पण तिथला आवाज तिने लगेच पकडला. "किती हवीत? दोन? सलग नाहीत. असं करा, मागची घ्या. हो हो, मागचीच बरी. पुढचं मग बघू."

त्या 'पुढचं मग बघू' कडे मी लक्ष दिलं नाही. ॲपमधल्या खुर्च्यांच्या नकाशावर मागच्या रांगा भरत गेल्या आणि पुढच्या दोन रांगा, ज्यांना आमच्याकडे प्लॅटिनम म्हणतात, कोऱ्या राहिल्या. मला वाटलं, बिचारे काटकसर करतायत. आईने स्वतःच्या नावावर दोन तिकिटं घेतली. "दुसरं कुणाचं?" मी विचारलं. "पर्स ठेवायला," ती म्हणाली.

तो रविवार उजाडला. प्रयोग चारचा. साडेतीनलाच लॉबी भरली. मी इतकी खूश झाले की वॉकीटॉकीवर विनाकारण "कॉपी, कॉपी", म्हणजे 'ऐकलं, ऐकलं', म्हणत होते. ठेवणीतल्या साड्या, अत्तर, "अय्या, तू कधी आलीस, बरी आहेस ना गं?" आमच्या लॉबीत सहसा लोक मान खाली घालून फोन बघत उभे असतात. त्या दिवशी तिथल्या संगमरवराला पहिल्यांदाच माणसांचा आवाज ऐकू आला असेल.

चारला दहा कमी असताना मी आत डोकावले. आत मोजकी माणसं बसली होती. बाकी सगळे बाहेर. लॉबीतल्या स्क्रीनवर इंग्रजीत सूचना येत होती की कार्यक्रम लवकरच सुरू होईल, कृपया आसनस्थ व्हा. मंद किणकिण वाजत होती. एकही माणूस जागचा हलला नाही. मी दाराजवळच्या एका काकांपाशी गेले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे जवळजवळ मनातल्या मनात, म्हटलं, "काका, आत बसता का? वेळ झालीये."

ते प्रेमाने म्हणाले, "बसतो ना बाळा. होऊ दे की."

काय होऊ दे, ते मला कळेना. सर लॉबीच्या टोकाला उभे राहून घड्याळ बघत होते. चारला आमची दारं बंद होतात. तो कंपनीचा नियम आहे आणि दारावरचा सिक्युरिटीवाला तो कुणासाठी मोडत नाही. तेवढ्यात स्टेजमागून नाटकाचे व्यवस्थापक धावत आले. सडपातळ, गळ्यात रुमाल, चेहऱ्यावर तीस वर्षांची घाई.

"ताई, पहिली दिलीत का?"

"काय?"

"घंटा हो. पहिली घंटा."

"ती तुम्ही देता ना?"

"आम्ही? हॉल देतो! आम्ही आत सांगायचं, हॉलने बटण दाबायचं. बटण कुठाय तुमचं?"

आमच्याकडे बटण नव्हतं. आमच्याकडे धुराचं यंत्र होतं, सरकता मंच होता, छतावर तारे दाखवायची सोय होती. घंटा नव्हती. जन्मभर मी ती घंटा ऐकत आले होते, पण ती कुणीतरी द्यावी लागते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं, नाट्यगृहाला भिंती असतात तशी घंटा असते. आणि बाहेर उभी असलेली ती सगळी मंडळी अगदी शहाण्यासारखी वागत होती. घंटा झाली नव्हती. घंटा झाल्याशिवाय आत कसं जायचं?

स्टेजमागे प्रयोगाआधीची पूजा झाली होती. टेबलावर नटराजाची मूर्ती, हार, फोडलेला नारळ, आणि पितळेची एक छोटीशी घंटी, आरतीला वाजवतात तसली. मी ती उचलली. व्यवस्थापक म्हणाले, "अहो ताई, ती देवाची आहे." मी म्हटलं, "मागते माफी." आणि धावले.

लॉबीच्या दारात येऊन मात्र माझे पाय थांबले. शेदोनशे माणसं. काळा टी-शर्ट घालून, त्यांच्यासमोर, हातात पूजेची घंटी. आयुष्यात मी जे जे टाळत आले ते सगळं त्या एका क्षणात माझ्यापुढे उभं होतं. मी डोळे मिटले आणि वाजवली.

गप्पा थांबल्या. माना वळल्या. एका आजोबांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि समाधानाने म्हणाले, "पहिली झाली." आणि सगळ्यांनी गप्पा पुन्हा सुरू केल्या.

अर्थात. पहिलीला कोण जातं?

मी लगेच पुन्हा हात वर केला. पाठीमागून आवाज आला, "थांब गो. जरा अंतर ठेव. लोकांना बाथरूमला जायचं असतं."

बाबा होते. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. "आईला सोडायला आलोय," ते मी न विचारताच म्हणाले.

"बाबा, चारला दारं बंद होतात."

"तिसरीच्या आधी?"

त्यांना हे इतकं अशक्य वाटलं की ते सरळ दारापाशी गेले. सिक्युरिटीवाला दार ओढायच्या तयारीत होता. "काय हो," बाबा म्हणाले, "तिसरी झाली नाही अजून. दार कसं लावता तुम्ही?"

सिक्युरिटीवाला गोवंडीहून येतो. गेली दोन वर्षं मी त्याला फक्त "टाइम हो गया, अंदर नहीं जा सकते" एवढंच बोलताना ऐकलं होतं. त्याने बाबांकडे बघितलं, माझ्या हातातल्या घंटीकडे बघितलं, आणि म्हणाला, "हां, ते पण खरंच आहे की." आणि दार धरून उभा राहिला.

मी दुसरी दिली. बायकांनी पर्स बंद केल्या, कुणी कुणाला खांद्याला धरून वळवलं. मग तिसरी. तिसरीला डोळे उघडे होते. सगळी लॉबी शिस्तीत, न ढकलता, दोन मिनिटांत आत गेली. बाबासुद्धा. पर्सच्या खुर्चीवर.

मी भिंतीला टेकले. चारवर सहा मिनिटं. फार नाही, असं स्वतःला सांगते आहे तोच इअरपीसमध्ये खरखर झाली. "मॅडम, जल्दी आओ. पब्लिक प्लॅटिनम में घुस रही है."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. पालिकेच्या नाट्यगृहात पहिली रांग मान्यवरांसाठी राखीव असते आणि मान्यवर कधीच येत नाहीत. तिसरी झाली, दिवे मंदावले, की मागचे लोक उठून पुढे जाऊन बसतात. कुणी सांगत नाही, कुणी अडवत नाही. मीही लहानपणी आईचं बोट धरून अशीच पुढे गेले होते. 'पुढचं मग बघू' चा अर्थ मला आत्ता कळला.

दोन्ही प्लॅटिनम रांगा भरल्या होत्या. सर मागच्या भिंतीशी उभे राहून ते बघत होते आणि हाताने मला खूण करत होते. मी वाकून पुढे गेले. कडेच्या खुर्चीत आई बसली होती, शेजारी बाबा.

"आई, ऊठ. ही प्लॅटिनम आहे."

"रिकामी होती."

"तिकीट वेगळं असतं गं याचं."

"कोण येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

या 'मग' चं उत्तर आमच्या कंपनीच्या नियमावलीत नव्हतं, मी नंतर शोधलं. तेवढ्यात पडदा उघडला. आता उभी राहिले असते तर मागच्यांना दिसलं नसतं, म्हणून मी तिथेच पायरीवर बसले. बाबांनी समोर बघत बघतच हळूच विचारलं, "एसी एवढा का ठेवलाय?"

सोमवारी सरांनी बोलावलं. सहा मिनिटं उशीर. प्लॅटिनमची ती गत. आणि फीडबॅक? खुर्च्यांच्या पाठीवर क्यूआर कोड लावले होते. ते फोनने टिपून तारे द्यायचे, पाचपैकी. दोनशेच्यावर माणसं आली होती, हसली होती, शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. फीडबॅक शून्य. एकानेही तारा दिला नव्हता.

"मतलब पसंद नहीं आया," सर म्हणाले.

मला सांगायचं होतं की तसं नाही. पण ते कसं सांगायचं ते सुचेना. "एक-दो दिन में बताता हूँ," ते म्हणाले. मला त्याचा अर्थ कळत होता. घरी मी काही बोलले नाही. बाबांनीही काही विचारलं नाही. ते टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते आणि मी जवळ गेले की त्यावर वर्तमानपत्र ठेवत होते.

मंगळवारी रिसेप्शनवरून फोन आला. "मॅडम, एक अंकल आए हैं. स्टॅम्प माँग रहे हैं."

मी खाली गेले. बाबा काउंटरशी उभे होते. हातात अर्ज, दोन प्रतींत. एक जमा केली होती, दुसरी पुढे धरली होती. रिसेप्शनवरची मुलगी पोच म्हणजे काय ते समजून घ्यायचा फार प्रयत्न करत होती. शेवटी तिने ड्रॉवरमधून तिच्याकडे होता तो एकमेव शिक्का काढला आणि मारला. बाबांनी चष्मा वर करून वाचलं. पार्किंग मोफत, दोन तास.

"मी रिक्षाने आलोय," ते म्हणाले.

मग त्यांना मी दिसले. ओळख न दाखवता म्हणाले, "संबंधित अधिकारी आपणच का?"

"हो."

"मग लक्ष घाला." आणि गेले.

सरांनी ते कागद हातात घेऊन उलटसुलट बघितले. अर्जाला नाटकवाल्या मंडळींच्या सह्यांची चार पानं जोडली होती. सर म्हणाले, "पढ के सुनाओ." मी कुणासमोर कधी मोठ्याने मराठी वाचलं नव्हतं. देवनागरीत मी अजूनही जरा अडखळते. सुरुवात केली. 'विषय: आपल्या सभागृहातील गैरसोयींबाबत.' एसी अति थंड असून ज्येष्ठांना त्रास होतो. चहाचा कप अंगठ्याएवढा आहे. पायऱ्यांची पट्टी अंधारात दिसत नाही. घंटेची कायमस्वरूपी सोय नाही. देवाची घंटी वापरावी लागली, ही बाब खेदजनक आहे. पुढील दोन रांगा विनाकारण रिकाम्या ठेवल्या जातात. हिंदीत सांगत सांगत मी वाचत गेले, आणि मुद्दे काही संपेनात.

सरांचा चेहरा उतरत गेला. "इतना बुरा लगा?"

"नाही सर. आवडलं." मी त्यांना शेवटचं वाक्य दाखवलं. 'तरी पुढील प्रयोगापूर्वी वरील बाबींची पूर्तता व्हावी, ही विनंती.'

"कौन सा अगला प्रयोग?"

"त्यांनी ठरवून टाकलाय, सर."

सर थोडा वेळ सह्यांची पानं चाळत बसले. कुणी सहीखाली पत्ता दिला होता, कुणी दूरध्वनी, एका आजींनी आपल्या सहीपुढे कंसात 'गुडघ्याचे ऑपरेशन' असं लिहिलं होतं. "फाइव्ह स्टारवाले इतना नहीं लिखते," ते शेवटी म्हणाले. मग म्हणाले, घंटी का बटन लगवा लो. आणि नाटकाच्या रविवारी सगळ्या खुर्च्यांचं तिकीट एकच ठेवा, नाहीतरी बसणार आहेतच.

दर महिन्याचा एक रविवार मिळाला.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. अर्जात शेवटून दुसरा मुद्दा असा होता: 'पालिकेचे नाट्यगृह पुन्हा सुरू होईपर्यंतच आम्ही येथे येऊ. सदर व्यवस्था तात्पुरती आहे, याची कंपनीने नोंद घ्यावी.' तो मी सरांना वाचून दाखवला नाही. घसा कोरडा पडल्यासारखं केलं, पाणी प्यायले आणि पुढच्या ओळीवर गेले.

त्या आठवड्यात मी स्टेशनसमोरच्या दुकानातून एक रबरी शिक्का करून आणला. वर 'आवक', खाली फिरवायची तारीख. बाबांच्या पार्किंगवाल्या प्रतीवर तो मारून संध्याकाळी त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी कागद दिव्याखाली धरला. "वाकडा मारलायस. पालिकेतसुद्धा सरळ मारतात."

"पहिलाच होता."

"सगळे मुद्दे वाचलेस ना साहेबांपुढे?"

"हो."

"सगळे?"

मी ताटं घ्यायला आत गेले. बाहेरून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. डोकावून बघितलं तर बाबा आमच्या कंपनीसाठी नवी फाइल करत नव्हते. त्याच जुन्या फाइलची दोरी सोडून, पालिकेच्या शेवटच्या अर्जावर ते हा कागद लावत होते. मग आईला म्हणाले, "दोन पोळ्या जास्त टाक."